फोटो काढणारीची हजेरी

बुधवारी सकाळी मुदखेडच्या गाडीत बसल्या बसल्या लुंबिनीनं मोबाइलवर यादी वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यादी बदल्यांची नव्हती की बढत्यांची नव्हती. नांदेडच्या सायकल ग्रुपची होती. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी नांदेडहून लातूरला सायकलवर कोण कोण जाणार, त्या बारा जणांची. तिनं नावं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. तिचं नाव नव्हतं. खाली दोन सूचना मात्र होत्या. एक, फोटो आणि व्हिडिओसाठी लुंबिनीताईंनी सामानाच्या टेम्पोत बसून यावे. दोन, सकाळचा हुरडा ठरल्याप्रमाणे लुंबिनीताईंच्या माहेरी.

आता बघा. हुरडा हिच्या बापाच्या शेतातला, फोटो हिच्या हातचे, आणि सायकल चालवायला हिलाच जागा नाही. कामापुरता मामा अन् ताकापुरती आजीबाई म्हणतात ना, तसली गत. समोर बसलेल्या बाईनं विचारलं, काय झालं हो, तोंड असं का? लुंबिनी म्हणाली, काही नाही, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मुदखेड येईपर्यंत तिनं मनातल्या मनात अकरा जणांना शिव्या घातल्या. बाराव्या नावाशी ती अडली, कारण ते बिलकीसचं होतं, आणि बिलकीस तिची मैत्रीण होती.

लुंबिनी अडतीस वर्षांची. मुदखेडला एका सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळते. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं, हे चौदा वर्षं चाललंय. नवरा उमरीला शिक्षक, गरीब स्वभावाचा, रविवारी दहाच्या आत अंथरूण न सोडणारा. एकच मुलगी, महामाया. ह्या महामायानंच तीन वर्षांमागं आईला सायकल शिकवली. पोरगी मागून कॅरिअर धरून धावायची अन् पस्तिशीची आई मैदानाच्या चकरा मारायची. दोनदा आपटली, एकदा गुडघा फुटला. शेजारणी म्हणाल्या, ह्या वयात कशाला हे खूळ? तिनं एकीलाही उत्तर दिलं नाही, पण खूळही सोडलं नाही.

त्या खुळाला कारण होतं. तिचं माहेर माळाकोळीच्या पुढं, मोठ्या रस्त्याच्या फाट्यापासून दीडेक किलोमीटर आत. बाप लिंबाजी रोजगार हमीच्या कामांवर मुकादम होता. दोन एकर रानही होतं. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून शेजारच्या गावाला जावं लागायचं, ओढा ओलांडून. लुंबिनी आठवीत गेली तेव्हा पायी गेली. घरात सायकल नव्हती, मागायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या वर्षी धाकटा आदर्श आठवीत गेला आणि आठ दिवसांत लिंबाजीनं बाजारातून जुनी काळी सायकल आणली. ती आदर्शची. बहिणीला मागं बसव म्हटलं तर त्याला लाज वाटायची. मागं त्याचा दोस्त बसायचा. लुंबिनीनं शिकते म्हटलं तर बाप म्हणाला, पोरीच्या जातीला शोभत न्हाई, गाव नावं ठेवतंय. झालं. दहावीपर्यंत ती पायी अन् तो सायकलवर, रोज तिला घंटी वाजवून पुढं निघून जाणारा. दहावीला हिला त्याच्याहून बावीस मार्क जास्त पडले. ते कुणी कौतुकानं सांगितलेलं तिच्या कानावर कधी आलं नाही.

त्यामुळं लातूर-बितूरचं तिला काही पडलेलं नव्हतं. तिला बापाच्या दारात सायकलवरून उतरायचं होतं. दिवसाढवळ्या, सगळ्या गावादेखत, शहरातल्या बारा माणसांच्या बरोबरीनं. सहा महिने ती त्या एका गोष्टीसाठी दर रविवारी पहाटे उठत होती.

ग्रुपचा कारभार विरूपाक्षअप्पांच्या हातात. फरशांचं मोठं दुकान, पन्नाशी उलटलेली, माणूस वाईट नाही, पण नियम म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. आधी हजेरी वहीत लिहायचे. मग काही बहाद्दर मोटारीनं ढाब्यावर येऊन, भजी खाऊन, सही ठोकून जायला लागले. भांडणं झाली. तेव्हा अप्पांनी तोडगा काढला. ठिकाणावर पोचलं की सायकलींसकट सगळ्यांचा एक फोटो काढायचा. फोटोत दिसला तो हजर, न दिसला तो गैरहजर. सहा महिन्यांत ज्याचे अठरा फोटो, तो लातूरला. मुक्कामाच्या ठिकाणी जागाच बाराजणांची, त्यामुळे हे हवंच होतं. पंचवीस शिकल्यासवरल्या माणसांनी माना डोलावल्या. जो फोटो काढेल तो फोटोत दिसायचा कसा, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर लुंबिनीच्याही आलं नाही, आणि तिला सगळ्यात जास्त राग आला तो ह्याचाच.

कारण फोटो तीच काढायची. तिचा हातच तसा होता. मोबाइल साधा, पण ऊन कुठून येतंय ते ती आधी बघायची. विष्णुपुरीच्या धरणावर सगळ्यांना पाण्याकडे पाठ करून उभं करायची नाही, तिरपं उभं करायची. सीताखांडीच्या चढावर धापा टाकत आलेल्यांना म्हणायची, घाम पुसू नका, असाच येऊ द्या. अर्धापूरला केळीच्या बागेत अप्पांना तिनं तीनदा पोट आत घ्यायला लावलं होतं, आणि तो फोटो अप्पांनी दुकानात मोठा करून लावला होता. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर तिचे फोटो झळकायचे. काय फोटो काढता ताई, असं म्हटलं की ती फुलून जायची. कुणी म्हणायचं, तुम्ही पण या ना मध्ये. ती हात झटकायची, मला नको बाई. काळीसावळी, अंगानं भरलेली, फोटोत आपण बरे दिसत नाही असं तिच्या मनानं कॉलेजापासून घेतलं होतं.

दुपारी डबा न खाता तिनं सव्वीस रविवारांचे फोटो चाळले. एकातही ती नव्हती. एका फोटोत कोपऱ्यात तिचं बोट आलं होतं, तेवढंच. शारिक नावाचा मोबाइल दुकानवाला तरुण ग्रुपची हजेरी लावायचा. त्यानं तिच्या नावापुढं शून्य लिहिलं होतं. सव्वीस रविवारांत तिनं जेवढे किलोमीटर मारले, तेवढे अप्पांनी त्यांच्या स्कूटरवरही मारले नसतील.

तिनं अप्पांना फोन लावला. अप्पा गोड बोलले. ताई, माझ्या मनात काही नाही, पण नियम सगळ्यांना सारखा, एकाला सूट दिली की उद्या दहाजण दारात उभे. टेम्पोत बसा, पाय दुखायचे नाहीत, आणि तुमच्याशिवाय फोटो काढणार कोण?

"मी फोटो काढत होते म्हणून फोटोत नाही, अप्पा."

"ते मला कळतंय हो. पण पुरावा काय? आणि तुम्हीच तर म्हणायच्या, मला नको फोटोत."

म्हणायची ती, खरंच होतं. तिनं फोन ठेवला आणि आवक-जावकच्या रजिस्टरवर इतक्या जोरानं शिक्का हाणला की शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकला. आपली चूक दुसऱ्यानं दाखवून दिली की माणूस जसा पेटतो तशी ती पेटली होती.

ग्रुपवर तिनं लिहिलं, माझी हजेरी शून्य कशी? सगळ्यांनी वाचलं. एकानं जोडलेले हात टाकले. एकानं अंगठा टाकला, तो होकाराचा की सांत्वनाचा ते त्यालाच ठाऊक. मग कुणीतरी लातूरच्या हवामानाचा अंदाज टाकला आणि गाडी पुढं गेली. सव्वीस आठवडे ज्यांची पोटं आत घ्यायला लावली, ज्यांच्या बायकांनी तिनं काढलेले फोटो देव्हाऱ्याशेजारी लावले, त्यांतल्या एकाच्याही तोंडाचं कुलूप उघडलं नाही.

संध्याकाळी बिलकीसचा फोन आला. बिलकीस उर्दू शाळेत शिकवते, इतवाऱ्यात राहते, दोघी पहिल्या दिवसापासून शेजारी-शेजारी सायकल मारतात. ती म्हणाली, जाऊ दे ना लुंबिनी, टेम्पोत ये, गाणी म्हणू, मजा येईल. लुंबिनीनं विचारलं, तू ग्रुपवर का नाही बोललीस? बिलकीस म्हणाली, माझे बरोबर अठराच आहेत. अप्पा बिघडले अन् एखादा कमी भरला तर? घरातनं परवानगी काढायला मला महिना लागला. लुंबिनीला ते समजत होतं, समजून राग कमी होत नव्हता. ती एवढंच म्हणाली, ते अठराही मीच काढलेत. आणि फोन ठेवला.

नवरा म्हणाला, हुरडा रद्द कर, म्हणजे जिरेल त्यांची. नवरा शहाणा होता, हेच तिच्याही मनात होतं. तिनं माहेरी फोन लावला. उचलला मायनं, भामाबाईनं, आणि हिला बोलूच दिलं नाही. शेणी रचून ठेवल्यात, तिळाची चटणी कुटून झाली, शेजारून ताटं आणलीत, दह्याला विरजण शुक्रवारी लावते. अन् तुजा बा केस कापून आलाय. सगळ्या गावाला सांगून राहिला, आमची बाई नांदेडातून सायकलीवर येऊन राहिली, पाव्हणे घेऊन. पारावर दुसरं बोलणंच न्हाई.

आता घ्या. रद्द कसं करणार? लुंबिनी म्हणाली, हाव माय, येते.

शनिवारी पहाटे पाच वाजता ती एकटीच निघाली. ग्रुप सहाला निघणार होता, तिला त्यांच्या टेम्पोतही बसायचं नव्हतं अन् मागंही राहायचं नव्हतं. महामायानं चाकात हवा भरून दिली. अंधार आणि थंडी, मालमोटारी अंगावरून गेल्यासारख्या जायच्या आणि तोंडावर धूळ मारून जायच्या. लोहा यायच्या आत तिची बोटं बधिर झाली. तिथं तिनं चहा घेतला, चहावाल्यानं विचारलं, एकट्याच? ह्या प्रश्नाचाही तिला राग आला. खरं म्हणजे राग होता म्हणून पाय चालत होते. दर चढाला तिच्या डोक्यात अप्पांचं ते पुरावा काय वाजायचं आणि चढ संपायचा.

साडेनऊला ती फाट्यावरून आत वळली. गावात शिरताना पारावरची माणसं उठून उभी राहिली. एका म्हातारीनं तिची दृष्ट काढत कडकडा बोटं मोडली. हेच तर तिला हवं होतं, आणि घसा सुकलेला, घामानं ओला कुडता थंड पडलेला, तरी ती ताठ बसली. बाप दारातच उभा होता. धुतलेलं धोतर, कापलेले केस. ती त्याच्यापुढं सायकलवरून उतरली.

लिंबाजीनं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या मागं रस्त्याकडं बघितलं. "बाकीचे कुठं हायत?" त्यानं विचारलं.

येतायत, ती म्हणाली. त्यानं सायकल भिंतीला लावली आणि पुन्हा रस्त्यावर जाऊन उभा राहिला, पाहुण्यांची वाट बघत. पंचावन्न किलोमीटर तुडवून पोरगी दारात आली, त्याचं त्याला काहीच नाही. लुंबिनीनं मायच्या हातचं पाणी घेतलं. मायनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, तो हात तिनं बाजूला केला.

पाऊण तासानं ग्रुप आला, रंगीत कपडे, काळे चष्मे, मागून टेम्पो. हिला बघून अप्पा चपापले, पण दुकानदार माणूस, लगेच सावरले. वा ताई, पुढं येऊन तयारी केलीत होय! बिलकीस शेणीच्या ढिगाशी जाऊन बसली. घरामागच्या रानात आगटी पेटली, कणसं भाजली, लिंबाजीनं स्वतः हातावर चोळून गरम हुरडा सगळ्यांच्या ताटात घातला. शहरातली माणसं चटणी चाटूनपुसून खात होती. लुंबिनी वाढत होती. तिनं एक दाणा तोंडात टाकला नाही.

खाणं आटोपलं तसा अप्पांनी सवयीनं खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यापुढं धरला. ताई, यजमानांसोबत एक होऊन जाऊ द्या.

तिनं हात पुढं केला नाही. अप्पा मोबाइल धरूनच उभे राहिले. लिंबाजी म्हाताऱ्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यानं विचारलं, आमची बाई तुमच्या संगं का न्हाई आली? अंधारात एकटी कशी आली? अप्पांनी हसत हसत सगळं सांगितलं, फोटो, हजेरी, अठरा, नियम. म्हातारा कणीस हातात धरून ऐकत होता.

"मी वीस वर्षं मस्टर भरलं, साहेब," तो म्हणाला. "बिनशिकले दोनशे माणसं असायचे कामावर. पर जो मस्टर भरतो त्याची हजेरी कुठं, असं कुणी इचारलं न्हाई. मुकादमाचं नाव पहिल्या वळीला असायचं. तो न्हाई तर मस्टर भरलं कुणी?"

शारिकनं मान खाली घातली. अप्पांचं तोंड उतरलं, आणि मग एकदम त्यांना मोठेपणा सुचला. चुकलं म्हणाले, दादा, तुम्ही डोळे उघडलेत. ताई, आज तुम्ही मधोमध उभ्या राहा, हजेरी आत्ताच लावून टाकू, तेरावं नाव तुमचं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बिलकीस उठली, म्हणाली, मी काढते फोटो. लिंबाजी पोरीकडं बघून हसला. आपण लेकीसाठी बोललो ह्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

आणि तिथं लुंबिनीचा बांध फुटला. अप्पांवर नाही, शारिकवर नाही. तिची नजर त्या हसणाऱ्या म्हाताऱ्यावर होती.

"बा, तुझ्या मस्टरवर माझं नाव होतं का?"

म्हाताऱ्याला आधी कळलं नाही. ती बोलत राहिली, आवाज चढत गेला, माय मधे पडायला आली तर तिलाही तिनं थांबवलं. पोरीच्या जातीला शोभत न्हाई म्हणालास. आदर्शला सायकल आणलीस अन् मी पायी गेले. तो माझ्या बाजूनं घंटी वाजवत जायचा अन् तू ह्याच दारात उभा राहून बघायचास. दोनशे लोकांची हजेरी चुकली नाही तुझी. घरातल्या एका पोरीची चुकली. आज सगळ्या गावाला सांगत सुटलास, आमची बाई सायकलीवर येणार. सायकल कुणी शिकवली मला? माझ्या पोरीनं शिकवली.

आगटीत शेणी फुटत होत्या, तेवढाच आवाज होता. अप्पांनी मोबाइल खिशात घातला. शहरातल्या माणसांना कुठं बघावं कळेना.

"न्हवतं," लिंबाजी म्हणाला.

एवढंच. सफाई दिली नाही, परिस्थिती सांगितली नाही. हातातलं कणीस त्यानं खाली ठेवलं.

लुंबिनीनं बाटली भरून घेतली, मायनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी पिशवीत घातली आणि सायकल काढली. फोटोला ती उभी राहिली नाही. मी लातूरला जाते, ती अप्पांना म्हणाली, यादी तुमची तुमच्याजवळ ठेवा. बिलकीसनं तिचा हात धरला, तिनं तो झटकला नाही, पण थांबलीही नाही.

गावाबाहेर आली तर मागून पावलांचा आवाज. लिंबाजी येत होता, अनवाणी, भराभरा. ती सायकलवरून उतरली. तो तिच्या बाजूनं चालायला लागला. म्हणून तीही सायकल हातात धरून चालत राहिली. दीड किलोमीटर दोघं तसेच चालले. ऊन चांगलं तापलं होतं आणि म्हाताऱ्याला धाप लागली होती, तिनं एकदाही परत जा म्हटलं नाही.

फाट्यावर मोठा रस्ता आला तेव्हा तो थांबला. रस्त्याकडं बघतच म्हणाला, "शाळेला जायला साडेचार किलोमीटर, यायला साडेचार. रोजचे नऊ व्हायचे तुला."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. तेव्हापासून ठाऊक होतं. तो दारात उभा राहून नुसता बघत नव्हता, मोजत होता, आणि तरी त्यानं काही केलं नव्हतं. पोचले की फोन करते, एवढं म्हणून तिनं पायडलवर पाय ठेवला. सायकलच्या आरशात तो लांबपर्यंत उभा दिसत होता.

अहमदपूर गेलं, शिरूर गेलं, चाकूर गेलं. राग तिला ओढत नेत होता आणि आता तो कुणावरचा ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आष्टामोडला ती चहाला थांबली. हॉटेलवाल्यानं विचारलं, ताई, किती किलोमीटर झाले? तिनं सांगायला तोंड उघडलं आणि चहाचा कप हातात तसाच धरून ती भररस्त्यावर रडायला लागली.